हिरव्या अंड्याचा बाप

बोरमाळच्या विहिरीवर त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. हर्सूल मागं टाकून सिल्लोड रस्त्याला लागलं, की पुढं उजव्या हाताला मुरमाचा एक फाटा फुटतो. त्या फाट्यापासूनच गाड्या उभ्या होत्या. मुकुंदवाडीच्या रिक्षा, कंपनीतल्या पोरांच्या मोटारसायकली, पिकअपमध्ये कोंबून आलेलं आख्खं एक गाव आणि तीन-चार धुतलेल्या कार. त्यातल्या एकीच्या काचेवर डॉक्टरचं लाल चिन्ह होतं. ते चिन्ह पाहून माझं डोकं जेवढं फिरलं, तेवढं पिकअप पाहून फिरलं नाही.

विहिरीच्या कठड्याला लागून सात खुराडी मांडलेली. प्रत्येकाला हिरवा खण, हिरव्या बांगड्यांची माळ आणि आत एकेक कोंबडी. कोंबड्या जरा वेगळ्याच होत्या. गालाला दाढीसारखी फुगीर पिसं, पायाची नळी काळपट निळी, पायात प्लास्टिकची, आकडे घातलेली हिरवी कडी. गर्दीच्या गलक्यानं बिचाऱ्या अंग चोरून बसल्या होत्या. लोक म्हणत होते, समाधी लागली आहे.

"या सात कोंबड्या नाहीत," बद्रीनाथ महाराज माईकवर म्हणाले. "या साती आसरा आहेत."

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बहिणी. आमच्याकडं विहीर तिथं आसरा. पोटुशी बाई भर दुपारी पाण्यावर गेली, की आसरा तिला धरतात, पोटातलं लेकरू नेतात, असं आमच्या आया सांगत आल्या. त्यांचा राग जावा म्हणून हिरवं लुगडं, हिरवा चुडा वाहायचा. म्हणजे भीतीची मशागत पिढ्यान्‌पिढ्या होऊन बसलेली होती. दोन वर्षांपूर्वी बद्रीनाथनं फक्त कोंबडी आणून ठेवली.

एका खुराड्यातली कोंबडी उठली आणि ओरडायला लागली. महाराजांनी आत हात घालून अंडं वर धरलं. मुगाच्या ओल्या शेंगेसारखं हिरवं. पाच-सहाशे माणसांनी हात जोडले.

"पान पिकलं की पिवळं पडतं का नाय?" महाराजांनी विचारलं.

"पडतं," गर्दी म्हणाली.

"तसं माणसाचं रक्त पिकलं की कावीळ होती. आता पिवळ्याला परत हिरवं कोण करंल? गोळी? गोळी पांढरी. सलाईन? सलाईनला तर रंगच नाय."

लोक हसले. गळ्यात तुळशीची माळ घातलेले एक पेन्शनर काका पुढं होऊन म्हणाले, "महाराज, मी माळकरी. अंडं कसं चालंल?"

"काका, मेथी खाता का?"

"खातो."

"हिरवी असती ना?"

"असती."

"मग झालं. हे अंडं पालेभाजीत मोडतं."

काकांनी डोळे मिटले आणि कच्चं अंडं गिळून टाकलं. बँकेत पस्तीस वर्षं लोकांच्या सह्या तपासलेला माणूस हा.

नियम ठरलेले होते. आसरांची म्हणून रोज वीसेक अंडी वाटली जात, बाकीचे नंबर लावून थांबत. सात दिवस सात अंडी. अंडं कच्चं, तिथंच, विहिरीवर खायचं. टरफल महाराजांच्या हातानं विहिरीत जाणार. अंडं घरी न्यायचं नाही, आणि खुडूक कोंबडीखाली उबवायला तर मुळीच ठेवायचं नाही. ठेवलं तर आसरा मागोमाग घरी येते आणि घरातलं लेकरू नेते. देवीला उबवणीची एवढी काय भीती, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही विचारलं. ते विचारलं असतं तर तिथंच सगळा उलगडा झाला असता. पण मी दुसऱ्याच तयारीनं गेलो होतो.

माझ्या अंगावर कंपनीचा गणवेश होता, खिशात दोन लिंबं होती, रॉकेलनं भिजवलेली चिंधी होती आणि एक खिळा होता. रांगेत माझा धाकटा भाऊ हनुमान उभा होता. त्याच्या शेजारी त्याची बायको रत्नमाला, सातवा महिना लागलेली, डोळ्यांची बुबुळं सोडून सगळं पिवळं. ती दुसऱ्या अंड्यासाठी आली होती. मला हे शेजाऱ्यांकडून कळलं होतं. सख्ख्या भावानं सांगितलं नव्हतं, कारण मी काय म्हणेन हे त्याला माहीत होतं.

मी पुढं झालो. "महाराज, अंडं माझ्या हातात द्या. रंग निघतो का बघू."

मला वाटलं, तो चिडेल. तो हसला. "या साहेब, माईकजवळ या. सगळ्यांना दिसू द्या."

मी लिंबू पिळलं. चिंधीनं घासलं. खिळ्यानं खरवडलं. अंडं होतं तसंच हिरवं. बद्रीनाथ मायेनं म्हणाला, "आता फोडा साहेब. आतून बी बघा. मनात शंका राहायला नको."

मी फोडलं. टरफल आतूनही निळसर हिरवं होतं. त्यानं माझ्या हातातलं ते टरफल घेतलं, रांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं आणि म्हणाला, "कंपनीतले साहेब आले होते तपासायला. त्यांनीच पास केलं."

त्या माणसाला माझ्यासारखाच एक मूर्ख हवा होता. दोन वर्षं तो त्याची वाट पाहत असणार. दुसऱ्या दिवशी रांग दुप्पट झाली, आणि त्यातली निम्मी मी लावली होती.

हनुमाननं मला फाट्यावर गाठलं. "दादा, तू सगळ्यांच्या म्होरं हरला. आता आमच्यात पडू नको."

"अरे, तिचे डोळे बघ. दवाखान्यात ने."

"आत्या म्हणली म्हणून आणलंय. आत्यापेक्षा तुला जास्त कळतं का?"

आत्या म्हणजे कस्तुराबाई, आमच्या बापाची थोरली बहीण. तिचं हनुमानावर लई वजन. मी घरी जाऊन गुरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन लावला.

ते हसायला लागले. "रंगवलेलं नसणारच, मुंजाबा. अशी जात असते. दाढीवाली, निळ्या नळीची. आपल्याकडं लोक हौसेनं पिल्लं मागवून पाळतात. तिच्या टरफलाचा रंगच मुळात निळा, आरपार. त्यावर तपकिरी हात फिरला की हिरवं दिसतं. आपल्या गावठी अंड्याचा रंग तपकिरीकडं झुकतो ना, म्हणून गावठीशी संकर केला की चांगला हिरवा येतो."

"आणि कावीळ?"

"तिचा याच्याशी काय संबंध? पांढऱ्या कोंबडीच्या अंड्यानं केस पांढरे होतात का?"

मी पळत हनुमानाकडं गेलो. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "डॉक्टरनं फोनवर बघितली का कोंबडी? मला एक दाखव. महाराजांची नसलेली एक कोंबडी, अन् तिनं हिरवं अंडं घातलेलं. दाखव, मी रत्नमालाला त्याच पावली दवाखान्यात नेतो."

तिसरा दिवस असाच गेला. चौथ्या दिवशी सकाळी मी आत्याच्या वस्तीवर गेलो. तिची सारी उमर मेंढरांमागं गेली. गुडघे गेले तशी मेंढरं सुटली. आता ती चाळीसेक कोंबड्या राखते आणि अवतीभवतीच्या बायकांना वाट्यानं देते. कोंबडी हिची, दाणापाणी तिचं, पिल्लं निम्मी-निम्मी. या पट्ट्यात कोंबड्यांतलं तिच्याइतकं कुणाला कळत नाही.

ती अंगणात कण्या पाखडत होती.

"आत्या, दाढीवाली कोंबडी कुठं बघितली का? महाराजाच्या शेडाबाहेर?"

तिचा हात थांबला. "कशाला?"

"एक जरी सापडली तरी हनुमान रत्नमालेला दवाखान्यात न्यायला तयार आहे."

तेवढ्यात कुडाच्या मागून कोंबड्यांचा घोळका दाणे टिपत आला. त्यांच्यात एक कोंबडा होता. ऐटबाज, तांबूस, पायात हिरवी कडी आणि गालाला भरघोस दाढी.

मी कोंबड्याकडं पाहिलं. मग आत्याकडं.

"बस," ती म्हणाली. "वरडू नको. शेजारी ऐकतेत."

तिनं सांगितलं ते असं. मागच्या पोळ्याच्या सुमाराला ती सिल्लोडच्या बाजारात गेली होती. एका कोंबडीवाल्याकडं हा उभा होता, तेव्हा अजून पुरता आवाज फुटला नव्हता. कोंबडीवाला म्हणाला, "ले जाओ अम्मा, इसकी दाढ़ी तो मेरे से भी अच्छी है." तो कापायलाच देत होता. हिनं पाळायला आणला. पौषात त्याची पिल्लं निघाली. आखाड संपता संपता तलंगा, म्हणजे पहिल्यांदाच अंड्यावर आलेल्या कोवळ्या कोंबड्या, घालू लागल्या.

"पाच तलंगा हायेत," आत्या म्हणाली. "दोघी आपलं नेहमीचं घालतेत. तिघी हिरवं."

"मग अंडी कुठंयत?"

"कुत्र्याला घातली."

"सगळी?"

"पहिलं बघितलं अन् माझं अंग थंड पडलं, मुंजाबा. मी काय महाराजाचं अंडं आणलं नव्हतं, उबवलं नव्हतं. तरी आसरा माझ्या खुराड्यात आली. का आली? घरात पोटुशी एकच, रत्नमाला. दोन आठवड्यांनी पोरीचे डोळे पिवळे पडले. मला वाटलं, लेकरू न्यायलाच आली." ती सूप खाली ठेवून म्हणाली, "म्हणून मीच हनुमानाला म्हणलं, महाराजाकडं ने."

मी हे तीनदा लिहून खोडलं. चौथ्यांदा तसंच ठेवतो, कारण हे सुधारून लिहिण्यासारखं नाही. त्या लबाडाला नागडं करणारा पुरावा माझ्या आत्याच्या अंगणात दाणे टिपत होता, आणि तोच पुरावा पाहून घाबरून तिनं पोरीला त्या लबाडाच्या हवाली केलं. ज्या बाईनं उभ्या आयुष्यात शेकडो मेंढ्यांची वेतं काढली, काळ्या एडक्याची पाठ पाहून कोकराचा रंग आधी सांगितला, तिला बापाचा रंग लेकीत उतरतो हे काय ठाऊक नव्हतं? ठाऊक होतं. पण आसरेचं नाव आलं आणि तिला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं खोटं वाटायला लागलं.

"मेंढरात काळा एडका घातला तर काय होतं, आत्या?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग उठली, कोंबडा धरला, खुराड्यातून एक तलंग काढली, दोघांना डालीखाली कोंडलं आणि म्हणाली, "आज रातच्याला हनुमान इथं येणार नाय, सासुरवाडीला गेलाय तिला घेऊन. सकाळी तिकडनंच सरळ हिरीवर येईल. आपुन आधी जाऊन बसू."

मी त्या संध्याकाळी हनुमानाला अकरा फोन केले. त्यानं फोन बंद ठेवला होता.

पाचव्या दिवशी सकाळी आम्ही विहिरीवर पोचलो तेव्हा रत्नमाला आधीच कठड्याला टेकून बसलेली होती. डोकं छातीवर आलेलं. हनुमान तिला हलवत होता, "उठ, नंबर आलाय." ती त्याला आपला माहेरचा भाऊ समजून त्या भावाच्या नावानं हाक मारत होती. तिच्याकडं कुणाचं लक्ष नव्हतं. सगळे महाराजांकडं पाहत होते.

आत्यानं डाली कठड्यावर ठेवली. माईक मागितला नाही. मेंढरं हाकलेला आवाज होता तो.

"बद्रीनाथ, हे कुणाचं?"

तलंगेनं काल दुपारी घातलेलं हिरवं अंडं तिनं वर धरलं. गर्दीत कुजबुज झाली. महाराजांनी माईक तोंडाजवळ घेतला.

"आजी, तुम्ही नशीबवान. आसरा तुमच्या घरी चालत आली. ओटी भरा, नाहीतर कोप होईल."

"आली ना माझ्या घरी?"

"आली."

"मग ती माझ्याशी बोलती. म्हणती, या पोरीला सलाईन लावा. आता बोल."

दोन-चार जण हसले. त्या विहिरीवर महाराजांना हसायची ती पहिली वेळ.

"आजी, देवीची चेष्टा करू नका."

"चेष्टा तू करतोय." आत्यानं कोंबड्याचे पाय धरून तो वर उचलला. "याच्या पायातली कडी कुणीतरी वाचा. मला वाचता येत नाय."

पुढं उभी असलेली कॉलेजची एक मुलगी वाकली. नाव नंतर कळलं, मोनिका. तिनं वाचलं, "ब, शेहेचाळीस."

"आता त्या आसरेच्या पायातली वाच."

मोनिकानं खुराड्यात पाहिलं. "ब, एक्केचाळीस." दुसऱ्या खुराड्याशी गेली. "ब, त्रेचाळीस."

"एका हाताच्या कड्या," आत्या म्हणाली. "हा तुझ्याच शेडातला. पिल्लं काढली की निम्मे नर निघणारच. तुला वाटलं, कोंबडा काय अंडं घालतोय, ईक बाजारात. आरं, रंग आईकडनं येतो तसा बापाकडनं बी येतो. हे मेंढराच्या मागं फिरणाऱ्या लेकराला ठावं असतं. उबवू नका, घरी नेऊ नका, आसरा येईल म्हणं. कशी येईल आसरा? पिल्लू येईल. अन् पिल्लू आलं की घरोघर हिरवी अंडी, मग तुला कोण ईचारतंय?"

महाराज माईकवर काहीतरी बोलू लागले. सात नद्या, सात चक्रं, सात रंग. कुणी ऐकत होतं, कुणी नव्हतं. हनुमान मात्र उठला होता. विहिरीमागं बद्रीनाथचं जुनं ब्रॉयलरचं शेड होतं, आता त्याला आश्रम म्हणत. चारी बाजूंनी हिरवी जाळी, आत कुणाला प्रवेश नाही. हनुमाननं ती जाळी दोन्ही हातांनी धरली आणि उपसून काढली.

आत तीसेक दाढीवाल्या कोंबड्या होत्या. सहा कोंबडे. कोपऱ्यात अंडी उबवायचं मशीन चालू होतं, त्याच्या काचेतून हिरव्या अंड्यांच्या रांगा दिसत होत्या. एका टोपलीत ओली पिल्लं चिवचिवत होती. भिंतीला खडूनं तारखा लिहिलेल्या. ही साती आसरांची गादी.

मला वाटलं, आता लोक त्याला फाडून खातील. पाच-दहा जणांनी शिव्या दिल्या. बरेचसे घरी जायला आपापल्या चपला शोधायला लागले. आणि एक बाई, हातात आजारी लेकरू घेऊन, बद्रीनाथला म्हणाली, "महाराज, आमचं सहावं राहिलंय. तेवढं द्या ना."

लाल चिन्हाच्या कारनं आम्हाला घाटीत, म्हणजे शहरातल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात पोचवलं. तो कारवाला डॉक्टर विहिरीवर कशाला आला होता, हे मी विचारलं नाही. आता वाटतं, विचारायला हवं होतं.

वॉर्डातल्या डॉक्टरीणबाई हनुमानाला म्हणाल्या, "ही कावीळ दूषित पाण्यातून होते. पावसाळ्यात येते. बहुतेकांची दोन-तीन आठवड्यांत आपोआप उतरते. पण गरोदर बाईला ती जिवावर बेतू शकते. किती दिवस झाले डोळे पिवळे होऊन?"

"नऊ," हनुमान म्हणाला.

त्यांनी कागदावर नऊ लिहिलं.

बाळ दुसऱ्या दिवशी गेलं. मुलगी होती. रत्नमाला वाचली.

त्या डॉक्टरीणबाईंच्या बोलण्यात बद्रीनाथची सगळी विद्या आली. बहुतेकांची आपोआप उतरते. तीन आठवड्यांत जी बरी होणारच होती, तिच्या मधोमध त्यानं सात अंडी घुसवली आणि बरं होणं आपल्या खात्यावर लावलं. जे बरे झाले ते पेढे घेऊन परत आले. जे बरे झाले नाहीत ते परत आले नाहीत, आणि न आलेल्यांची रांग कुणाला दिसत नाही. आम्ही जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार दिली. तो जामिनावर सुटला. ऐकतो की आता दुसऱ्या तालुक्यात पौष्टिक अंड्यांचं केंद्र काढणार आहे.

आत्यानं मात्र एक काम केलं. त्या कोंबड्याच्या वाणाची अंडी तिनं खुडूक कोंबड्यांखाली बसवली आणि तलंगा वस्तीवस्तीत वाट्यानं दिल्या. आज बोरमाळच्या आसपास पंधरा-वीस घरांत हिरवं अंडं कालवणात पडतं. पोरं नाक मुरडतात, रोज तेच म्हणून. ज्या घरात ते रोज फुटतं, तिथं त्याला कुणी हात जोडत नाही. आत्याला विचारलं तर ती म्हणते, "आता काय उपेग." आणि दाणे टाकायला उठते.

बाळ गेल्यावर महिन्यानं मी रत्नमालेला भेटायला गेलो. आमच्यात थोरल्या दिरासमोर बाई तोंड उघडत नाही. पदर ओढून आत जाते. लग्नाला आठ वर्षं झाली, ती माझ्याशी सरळ एक वाक्य बोलली नव्हती. त्या दिवशी ती दारातच उभी राहिली.

"दादा, तुम्ही अंडं घासत होता तवा मी दहा पावलांवर होते."

"हो."

"हिरवं खरं का खोटं, यावर तुमचं अन् महाराजांचं लई चाललं होतं. ह्यांनी मला काय ईचारलं नाय. आत्यांनी नाय. महाराजांनी नाय. तुम्ही बी नाय." तिनं पदर सारखा केला. "मला पहिल्याच दिवशी दवाखान्यात जायचं होतं."

म्हणून हे लिहितोय.

वाचणाऱ्याला माझं सांगणं एवढंच. डोळ्यांसमोर नवल दिसलं की आपण ते खरं की खोटं यावर भांडत बसतो, आणि लबाडाला तेच हवं असतं. कारण नवल कधीकधी खरंही असतं. अंडं खरंच हिरवं होतं. त्यानं कावीळ बरी होते, हे खोटं होतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि एक खरी निघाली म्हणून दुसरी खरी होत नाही. मी पहिलीवर खिळा घेऊन तुटून पडलो आणि दुसरी विचारायची राहून गेली.

तुमच्या घरात कुणाचे डोळे पिवळे झाले, तर महाराजाला हरवायला जाऊ नका. आधी त्या माणसाला विचारा, तुला काय होतंय, तुला कुठं जायचंय. त्याला उचला, डॉक्टरकडं न्या. अंड्याचं काय ते मागाहून बघता येईल.